सव्वासात इंची रुळाचं वळण : जुळे सोलापुरातल्या एका परसातलं प्रकरण

जुळे सोलापुरात माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. घरामागं २४ मीटर लांब, १३ मीटर रुंद मोकळी जागा, भोवती कंपाउंडची भिंत. दक्षिणेच्या भिंतीपासून अडीच मीटरवर जुना कडुनिंब आहे. उत्तरेच्या भिंतीजवळ, पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात, बोअर आहे. पूर्वेच्या अर्ध्या भागात जवळजवळ मधोमध सिमेंटचा हौद. या जागेत दाजींनी बसून चालवायची छोटी रेल्वे करायचं मनावर घेतलं आणि रूळ तयार करायचं काम माझ्याकडं आलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. जाळ्या, गेट, यंत्रमागाची किरकोळ कामं करतो. रुळाला मी तोवर कधी हात लावला नव्हता.

दाजींना हे वेड कुठून लागलं ते सांगायला हवं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यातून आले. त्यांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे आपल्याच जिल्ह्यातली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू झाली, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, वजन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्यांच्या, जास्त आसांवर वाटून दिलं आणि हलक्या रुळांवर चांगली मोठी गाडी पळवली. पुढं ही लाइन ब्रॉडगेज झाली. दाजींच्या लहानपणीची पंढरपूरची गाडी मात्र त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आपली परसातली गाडी चार चाकांची नको, बोगीचीच हवी, हा त्यांचा आग्रह तिथून आलेला.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरवायला फार वेळ लागला नाही. बसायच्या छोट्या गाड्यांत पाच इंची, म्हणजे १२७ मिमी, आणि सव्वासात इंची, म्हणजे १८४ मिमी, ही दोन मापं जास्त चालतात. पाच इंचीला सामान कमी लागतं, वळणंही लहान चालतात. पण रूळ जमिनीवर टाकायचे असतील तर त्यात एक धोका आहे. माणूस पाय दोन्ही बाजूंना सोडून बसला की त्याचं वजन रुळापासून साधारण ४५० मिमी उंचीवर येतं. एवढ्या उंचीवरचं वजन १२७ मिमीच्या पायावर तोलायचं. साडेचार मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर हिशोब केला तर पाच इंची गाडी ताशी सव्वानऊ किलोमीटरला आतल्या रुळावरून उचलते, सव्वासात इंची साधारण अकराला. हा आकडा निश्चल बसलेल्या माणसाचा. मुलं निश्चल बसत नाहीत. म्हणून सव्वासात इंची घेतलं आणि मोटरच्या कंट्रोलरवर वेग ताशी सहा किलोमीटरला बांधला. ही मर्यादा आजही आहे आणि ती वाढवायला माझा विरोध आहे.

गाडीची मापं अशी: चोवीस व्होल्ट बॅटरीचं इंजिन, त्यामागं बसायच्या दोन गाड्या. प्रत्येक गाडी १.८ मीटर लांब, दोन बोगींच्या मध्यांत १.२ मीटर अंतर, बोगीच्या दोन आसांत २५० मिमी. दोन गाड्यांमध्ये २०० मिमीचा जोडदांडा. रूळ म्हणजे २५ बाय १० मिमीची लोखंडी पट्टी उभी ठेवून खाली आडव्या पट्टीच्या स्लीपरला वेल्ड केलेली. या मापांत मला काही अवघड दिसलं नाही, आणि तिथंच पहिली चूक झाली. वळण आखताना मी गाडीची मापं शेजारी घेऊन बसलोच नाही.

पहिला आराखडा

दोन्ही टोकांना साडेचार मीटर त्रिज्येचे अर्धगोल, मध्ये दोन सरळ बाजू. दोन्ही भिंतींपासून दोन-दोन मीटर जागा सोडली, कारण दक्षिणेच्या भिंतीलगत अक्काची मोगऱ्याची आणि शेवंतीची रांग होती, वर कपडे वाळत घालायच्या तारा होत्या. पण भिंतीपासून दोन मीटरवर रूळ म्हणजे तो थेट निंबाच्या बुंध्यावर जातो. मग निंबाला आतून वळसा घातला: आत वळा, झाडाला समांतर जा, परत बाहेर या. कागदावर तो वळसा देखणा दिसत होता. त्यातली वळणंही साडेचार मीटरचीच, एक संपलं की तिथंच उलटं सुरू.

दिवाळीच्या सुटीत गाडी सुटली. पहिल्या रविवारी एकोणीस फेऱ्यांत अकरा वेळा घसरली.

घसरायच्या जागा दोनच होत्या. निंबाच्या वळशात मधली गाडी घसरायची, तीही रिकामी असली तरच. मागं रेटताना तर दर वेळी. दुसरी जागा पश्चिमेच्या अर्धगोलाच्या तोंडाशी. तिथं इंजिनाची पुढची बोगी अधूनमधून बाहेरच्या रुळावर चढायची. आम्ही दोन्हीचं औषध एकच समजलो आणि तीन आठवडे वाया घालवले. चाकांचे फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडा, घासले, गेज दोन मिमीनं सैल केलं, रुळाला ग्रीस लावलं. दाजींनी मधल्या गाडीत वाळूची दोन पोती ठेवली आणि घसरणं थांबलं. तेव्हा आम्हाला प्रश्न सुटल्यासारखं वाटलं. खरं तर पोत्यांनी तो फक्त झाकला होता. वजन काढलं की गाडी परत खाली.

दोरी

गल्लीतले एक अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी ट्रॅकवर, शेवटी मुकादम. एका संध्याकाळी ते भिंतीपलीकडून बघत होते. मी जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून वळण न्याहाळत होतो.

"डोळ्यानं काय बघायलास? दोरी लाव की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एक सुतळी आणि स्टीलची पट्टी घेऊन आले. रेल्वेत वळण मोजायची पद्धत फार साधी आहे. ठरावीक लांबीची दोरी रुळाच्या आतल्या कडेला दोन ठिकाणी ताणून धरायची. ती झाली जीवा. मधोमध दोरी आणि रूळ यांत किती अंतर राहतं ते मोजायचं. त्याला व्हर्साइन म्हणतात. त्याचं सूत्र जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या. मोठ्या रेल्वेत वीस मीटरची दोरी असते, आम्ही एक मीटरची घेतली. एक मीटरच्या दोरीला हिशोब तोंडी होतो: १२५ ला मीटरमधल्या त्रिज्येनं भागलं की व्हर्साइन मिलिमीटरमध्ये मिळतं. साडेचार मीटरच्या वळणाला ते २८ यायला हवं. दर अर्ध्या मीटरवर खडूनं खूण करायची, प्रत्येक खुणेवर एक माप. अण्णा मापं सांगत गेले, भाची वहीत लिहीत गेली.

पूर्वेच्या अर्धगोलातली एक ओळ अशी होती: २८, २९, १५, ३६, २७. डोळ्याला जे वळण एकसारखं गोल दिसत होतं त्यात एके ठिकाणी आठ मीटरहून मोठी त्रिज्या होती आणि लगेच पुढं साडेतीन. दर जोडाजवळ असंच. निंबाच्या वळशात २८ वरून शून्य आणि लगेच उलट्या बाजूला २८, सगळं एका मीटरच्या आत. पश्चिमेच्या तोंडाशी मापं ठीक होती: शून्य, १४, २८. तिथला दोष दोरीत दिसेना. अण्णांनी पाणसळ मागवली. तो दोष निराळाच होता, त्याकडं पुढं येतो.

भाचीनं त्याच रात्री वहीत एक गोष्ट शोधली. अण्णांना ती सवयीनं माहीत होती, मला मात्र अगदी नवी. अर्ध्या मीटरवर खुणा आणि एक मीटरची दोरी असेल तर अर्धगोलातल्या सगळ्या व्हर्साइनची बेरीज ७८५ मिमीच्या आसपास येते, आणि त्रिज्या कितीही घेतली तरी तेवढीच येते. मोठी त्रिज्या घेतली की प्रत्येक माप लहान होतं, पण खुणा तितक्याच प्रमाणात वाढतात. गाडी १८० अंश वळणार म्हणजे तेवढं वळण रुळाला कुठंतरी द्यावंच लागणार. पूर्ण फेरीची बेरीज १५७१. म्हणजे निंबापाशी रूळ उलटा जितका वळवला, तितकंच जास्तीचं सुलटं वळण दुसरीकडं भरून द्यावं लागलं होतं. झाड चुकवायला घेतलेला तो वळसा फुकटचा नव्हता.

अण्णांनी हेच आपल्या शब्दांत सांगितलं: "एका खुणेचं काढून दुसरीला द्यायचं. बेरीज मोडायची नाही." एखाद्या खुणेवर रूळ एक मिमी बाहेर सरकवला तर तिथलं व्हर्साइन एक मिमीनं वाढतं आणि दोन्ही शेजाऱ्यांचं अर्ध्या-अर्ध्या मिमीनं कमी होतं. एवढ्या एका नियमावर ट्रॅकमन लोक वर्षानुवर्षं मैलच्या मैल वळणं सरळसूत ठेवत आले आहेत. मला हे ऐकून फार आदर वाटला.

रिकामी गाडीच का घसरायची

निंबाजवळचं कोडं कागदावर सुटलं. वळणावर लांब गाडी रुळासारखी वाकत नाही. तिचा मध्य आत येतो आणि टोकं बाहेर जातात. टोक किती बाहेर जातं, याचा हिशोब सोपा आहे: गाडीच्या लांबीच्या वर्गातून बोगीमध्यांमधल्या अंतराचा वर्ग वजा करायचा आणि आठ त्रिज्येनं भागायचं. आमच्या गाडीला ३.२४ वजा १.४४, भागिले ३६. म्हणजे ५० मिमी.

आता उलटसुलट वळणाचा सांधा डोळ्यापुढं आणा. पुढच्या गाडीचं मागचं टोक तिच्या वळणाच्या बाहेर, समजा डावीकडं, ५० मिमी. मागच्या गाडीचं पुढचं टोक तिच्या वळणाच्या बाहेर, म्हणजे उजवीकडं, ५० मिमी. दोन टोकांत १०० मिमीचं आडवं अंतर, आणि त्यांना जोडणारा दांडा २०० मिमीचा. दांडा रुळाशी तीस अंशांत तिरका होतो. तीस अंशांत ओढीची निम्मी ताकद आडवी लागते. भरलेली गाडी ती सोसते, कारण वजन फ्लँजला रुळावर दाबून धरतं. रिकामी सोसत नाही. मागं रेटताना दांडा गाडीला बाजूला ढकलतो आणि सगळंच बिघडतं. चाकं, फ्लँज, गेज यांचा यात काही संबंध नव्हता. आमची बोगी एवढी आखूड आहे की साडेचार मीटरच्या वळणात तिला काही अडचण नव्हती. अडचण दोन गाड्यांच्या टोकांची होती.

यावर उपाय तीन: दोन उलट्या वळणांमध्ये निदान एका गाडीएवढा सरळ तुकडा टाकायचा, वळणं मोठी करायची, नाहीतर दांडा लांब करायचा. दांडा लांब केला की मुलांचे पाय मध्ये जायची भीती. तो उपाय तिथंच सोडला.

आणि चौथा उपाय म्हणजे तो वळसाच काढून टाकायचा.

अक्काची तार

दोन्ही अर्धगोल साडेपाच मीटर त्रिज्येचे केले तर रूळ भिंतीपासून एक मीटरवर येतो आणि निंब वर्तुळाच्या आत राहतो, रुळापासून दीड मीटरवर. मग वळशाचं कारणच उरत नाही. मात्र त्यासाठी अक्काच्या मोगऱ्याच्या रांगेतून रूळ जाणार. हे तिला सांगायचं धाडस दाजींना झालं नाही, मला पाठवलं. अक्कानं वही मागितली, आकडे बघितले आणि विचारलं, "निंब तोडायचा विषय परत निघणार नाही ना?" नाही म्हटल्यावर तिनं मोगरा आत, हौदाजवळ लावून घेतला. कपड्यांच्या तारा गच्चीवर गेल्या. सांडपाणी मोगऱ्याला मिळतं म्हणून उलट तो जास्त फुलतो, असं ती आता सांगते.

उत्तरेला बोअर आड येत होतं. भिंतीपासून एक मीटरवर रूळ नेला तर तो बोअरच्या केसिंगला जवळजवळ घासतो. म्हणून उत्तरेच्या सरळ बाजूवर रूळ ६० सेंटिमीटर आत घेतला आणि पश्चिमेचा अर्धगोल तेवढा लहान केला: त्याची त्रिज्या ५.२. म्हणजे उलटसुलट वळण एक उरलंच. पण ते १२ मीटर त्रिज्येचं, दोन वळणांच्या मध्ये दोन मीटर सरळ. साठ सेंटिमीटर सरकायला पावणेसहा मीटर लांबी खर्ची पडली. सरळ बाजूला तेवढी जागा होती म्हणून जमलं. परसात रेल्वे आखताना लोक आधी अर्धगोल काढतात आणि उरलेल्या सरळ भागात अडचणी चुकवतात. मी सांगेन की आधी अडचणी आखा, त्यांना चुकवायला किती लांबी लागते ते बघा आणि अर्धगोल शेवटी बसवा.

तीन सेंटिमीटर

या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते. सरळ रुळावरून थेट गोलात शिरलं की बोगीला झटका बसतो. एका क्षणी वळण शून्य, पुढच्या क्षणी पूर्ण. मोठ्या रेल्वेत मध्ये संक्रमण वक्र असतो, ट्रॅकवरची माणसं त्याला ट्रान्झिशन म्हणतात. त्यात वळण हळूहळू वाढत जातं. आमच्या डोक्यात होतं की हे चोचले मोठ्या रेल्वेचे, आपल्या तेरा मीटरच्या परसात त्याला जागा कुठली?

भाचीनं हिशोब मांडला. ट्रान्झिशन बसवायचं तर गोल थोडा आत सरकवावा लागतो. किती, तर ट्रान्झिशनच्या लांबीचा वर्ग भागिले चोवीस त्रिज्या. दोन मीटरचं ट्रान्झिशन, साडेपाच मीटरची त्रिज्या: ४ भागिले १३२. म्हणजे ३० मिमी. दोन मीटरच्या ट्रान्झिशनला आडवी जागा लागते फक्त तीन सेंटिमीटर. त्याची निम्मी लांबी सरळ भागातून येते, निम्मी गोलातून. मी तिच्याकडून तीनदा आकडेमोड करून घेतली, कारण विश्वास बसेना. तीन सेंटिमीटर जागा आमच्याकडं पहिल्या दिवसापासून होती.

जमिनीवर ते उतरवणं सोपं आहे. सरळ रेषा फक्कीनं मारायची. ट्रान्झिशन जिथं सुरू होतं तिथून अर्ध्या मीटरवर आत २ मिमी, एक मीटरवर १५, दीडवर ५१, दोनवर १२१. तिथून पुढं पूर्ण गोल. पहिल्या मापाला हातच लागत नाही इतकं ते लहान आहे, आणि तेच त्याचं काम. रूळ टाकून झाल्यावर व्हर्साइन असे चढत जायला हवेत: १, ६, ११, १७, २२, मग पुढं २३, २३, २३.

पश्चिमेचा गोल मध्याला खुंटी ठोकून, तार फिरवून आखला. पूर्वेचा मध्य नेमका हौदाच्या पाण्यात येत होता. तिथं दोरीच उलटी वापरली: आधीच्या दोन खुणांवरून पुढची खूण, व्हर्साइन २३ येईल अशी. चुकत चुकत गेलं, पण शेवटची खूण दक्षिणेच्या रेषेवर चार सेंटिमीटरच्या फरकानं आली. ते चार सेंटिमीटर अण्णांनी मागच्या वीस खुणांत वाटून टाकले.

पट्टीची टोकं

जोडांजवळच्या १५ आणि ३६ ला जबाबदार माझं शेड होतं. तीन रोलांच्या मशीनमधून पट्टी वाकवताना दोन्ही टोकांची दीडेकशे मिमी पट्टी सरळच राहते, कारण शेवटचा भाग तिन्ही रोलांच्या पकडीत येत नाही. गेटच्या कमानीला हे खपतं. मी तशाच सरळ टोकांच्या पट्ट्या एकमेकींना वेल्ड केल्या होत्या, म्हणजे दर जोडापाशी ३०० मिमीचा सरळ तुकडा, आणि त्याची भरपाई शेजारच्या भागात जास्तीच्या वाकानं झालेली. या वेळी सहा मीटरची अख्खी पट्टी वाकवून दोन्ही टोकं कापून टाकली. तुकडे वाया गेले, ते स्लीपरमध्ये वापरले. आणि आतल्या-बाहेरच्या रुळांचे जोड समोरासमोर येऊ दिले नाहीत.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अर्धगोलात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ६१ सेंटिमीटर लांब असतो. दोन्ही रूळ एकाच मापाचे कापले तर स्लीपर तिरके बसतात आणि गेज आवळतं. गोलात गेज १८४ ऐवजी १८६ ठेवलं. सरळ भागात १८४च.

उचललेला रूळ

आता पश्चिमेच्या तोंडाशी चढणारी बोगी. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून आम्ही पहिल्या वेळी बाहेरचा रूळ १५ मिमी उचलला होता, आणि ही उचल अर्ध्या मीटरात पूर्ण केली होती. बोगीच्या दोन आसांत २५० मिमी, म्हणजे एका बोगीखाली रूळ साडेसात मिमी पिळलेला. आमचा फ्लँज सात मिमी खोल. बोगीला स्प्रिंग नाही. चार चाकांपैकी एक हवेत राहणार आणि ते पुढचं बाहेरचं असेल तर रुळावर चढणारच. अण्णांनी पाणसळ ठेवताच ते दिसलं. दोरी फक्त आडवा दोष दाखवते, उभ्या दोषाला पाणसळच लागते.

साडेपाच मीटरच्या वळणावर ताशी सहा किलोमीटरला पूर्ण तोल साधायला दहा मिमी उचल लागते. आम्ही पाचच दिली. गाडी वळणावर थांबतेही, मुलं तिथंच चढतात-उतरतात. उभ्या गाडीत आत कलंडल्यासारखं वाटलं तर लहान मूल घाबरतं. आणि ही पाच मिमी दोन मीटरच्या ट्रान्झिशनमध्ये थोडी थोडी चढवली. आडवं वळण आणि उभी उचल एकाच लांबीत सोबत वाढतात, ट्रान्झिशनचा हा दुसरा फायदा.

काळी माती आणि ऊन

सोलापुरात कुणी हे करणार असेल तर त्यानं हा भाग वगळू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेल्या रुळाचं व्हर्साइन ऋतूप्रमाणं बदलतं. आमच्या परसात वर फूट-दीड फूट काळी, खाली मुरूम. रुळाच्या रेषेत ३०० मिमी माती काढली, मुरूम भरून पाणी मारून धुमसानं ठोकला, वर बारीक खडी. निंबाजवळ फक्त १५० मिमी खणलं, तेही खुरप्यानं, आणि जाड मुळांना हात लावला नाही. सांडपाण्याचा उतार रुळापासून दूर दिला.

उन्हाळ्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, लोखंडाला तर हात लावता येत नाही. सहा मीटरची पट्टी चाळीस अंशांनी तापली तर जवळजवळ तीन मिमी वाढते. सरळ भागात फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, लांबट भोकं ठेवून ती फट सांभाळता येते. गोल मात्र आम्ही वेल्ड करून अखंड ठेवला. तापला की तो बाहेर फुगतो, साडेपाच मीटरला अडीच मिमीपर्यंत. खडी गच्च असेल तर तेवढं तो पोटात घेतो, म्हणून गोलाच्या बाहेरच्या अंगाला खडीचा खांदा जास्त रुंद ठेवला.

नंतर

संक्रांतीच्या आधी, गड्ड्याची यात्रा भरायच्या सुमारास, गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी चाळीस फेऱ्या, वाळूची पोती नाहीत, मधली गाडी मुद्दाम रिकामी. घसरली नाही. मग दाजींनी अख्खी फेरी मागं रेटत नेली. तेव्हाही नाही.

एक गोष्ट आम्हाला सुटली नाही. पश्चिमेच्या ५.२ च्या गोलात चाकं करकरतात. मोठ्या रेल्वेत चाकाचा रुळावर टेकणारा भाग १ ला २० असा उतरता असतो. वळणावर आस थोडा बाहेर सरकला की बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर फिरतं आणि लांबीतला फरक भरून निघतो. एवढ्या लहान त्रिज्येला त्यासाठी आस वीसेक मिमी सरकायला हवा, आणि आमच्याकडं मोकळीक चार मिमीची. म्हणजे गाडी फ्लँजनंच वळते आणि एक चाक घसटतंच. अण्णा म्हणतात, थोडं ग्रीस आतल्या कडेला लावा आणि सोडून द्या. तसंच केलं आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर भाचीनं सगळी मापं परत घेतली. पूर्वेच्या गोलात एका खुणेवर २३ चे २७ झाले होते, शेजारी २१ आणि २१. बेरीज तीच. वर बघितलं तर गच्चीचा पन्हाळीचा पाइप नेमका तिथं सुटत होता आणि त्यानं खडीखालचा मुरूम धुऊन नेला होता. पाइप हौदात सोडला, रूळ त्या एका खुणेवर चार मिमी आत घेतला आणि तिनं वहीत नवी ओळ लिहिली: २३, २३, २३.